एक कपाट, फॉर फ्री

कपाट विकायला काढलं असतं तर एका दिवसात गेलं असतं. पण मला ते फुकट द्यायची दुर्बुद्धी सुचली, आणि तीही इंग्रजीत.

हा सगळा खटाटोप ताईसाठी होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती राहायला तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याचं नावही काढायचं नाही अशी डॉक्टरांची तंबी. आमचं घर तळमजल्यावर. तेव्हा ताईने रविवारी आमच्याकडे यावं आणि मग इथेच राहावं, असं मी आणि बायकोने ठरवून टाकलं. ताईने मात्र काहीच ठरवलं नव्हतं. तिचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, त्यामुळे तीन मिनिटांच्या आत बोलणं संपवायची तिला सवय. फोनवर म्हणाली, "आरोग्यधामात एक खोली माझ्या नावाने ठेवलीय त्यांनी. रविवारी आधी तुमच्याकडे येते, बघते, मग काय ते सांगते." आणि फोन खाली.

"बघते म्हणजे काय बघणार?" मी बायकोला विचारलं.

"खोली बघणार, दुसरं काय! अहो, ताई एकदा तिकडे गेल्या ना, की मग आपण दर रविवारी फळं घेऊन भेटायला जायचं आणि भेटायची वेळ संपली की घंटा वाजणार. मला ते नकोय. त्यांना नाही म्हणायला जागाच राहू नये अशी खोली करा."

आमची बाहेरची खोली मी टेप घेऊन मोजली. पलंग बसत होता, खुर्ची बसत होती, ताईसाठी आणलेला वॉकर फिरवायला मात्र जागा उरत नव्हती. कारण त्या खोलीत आमचं लग्नातलं तीन दारांचं लाकडी कपाट उभं होतं. कपाट कसलं, एका जागी मुक्कामाला आलेला हत्तीच. मधल्या दाराला आरसा, खाली दोन ड्रॉवर, आणि वजन असं की आजवर त्याच्यामागे केर काढायची कोणाची छाती झाली नव्हती. म्हटलं, हे काढलं की खोली मोकळी, ताई खूश, प्रश्न मिटला. पण विकायचं म्हणजे दलाल येणार, घासाघीस करणार, आपल्या कपाटाला आपल्याच घरात नावं ठेवणार. माझ्यासारख्या माणसाला ते शोभण्यासारखं नव्हतं. त्यापेक्षा एखाद्या गरजूला देऊन टाकावं. देणाऱ्याचा मान निराळाच असतो, निदान सोमवारी सकाळपर्यंत माझा तसा समज होता.

आता आमच्या सोसायटीविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. ही सोसायटी आमच्या खात्यातल्या माणसांनी मिळून बांधली. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण ते अजून चालू आहे. मी तिथे मसुदा लेखनिक होतो. म्हणजे पत्र मी लिहायचं, ते टेबलाटेबलावरून वर चढायचं, दर टेबलावर त्यातला एकेक शब्द बदलायचा, आणि शेवटी माझा म्हणून ओळखता येईल असा एकही शब्द शिल्लक राहिला नाही की ते माझ्याच नावाने बाहेर पडायचं. ज्या कागदावर आपण एक तरी खूण केली नाही तो कागद आपण वाचलाच नाही, असा खात्यात अलिखित नियम होता. निवृत्त होताना लोक घड्याळं घेऊन घरी आले, त्यांच्याबरोबर हा नियमही आला. दूधवाल्यासाठी मी एकदा दाराला 'आज दूध नको' अशी चिठ्ठी लावली होती, तर संध्याकाळी तिच्यात 'आज'च्या जागी कोणीतरी 'तूर्त' केलं होतं. दूधवाल्याने पुढे आठवडाभर दूध टाकलं नाही.

आणि सोसायटीच्या फलकावरची प्रत्येक सूचना इंग्रजीतच हवी, असा पहिल्याच सभेचा ठराव. तो का झाला हे कोणाला आठवत नाही, पण तो रद्द करायचा तर त्याचा मसुदा कोणीतरी करावा लागेल, म्हणून तो टिकून आहे.

तर सोमवारी सकाळी मी पांढऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वन वुडन कबर्ड, थ्री डोअर्स, अव्हेलेबल फॉर फ्री. कॉन्टॅक्ट ग्राउंड फ्लोअर.' छोटं, नेटकं, अर्थ सरळ. माझ्या मते सगळ्या नोकरीत मी इतकं स्वच्छ काही लिहिलं नव्हतं. टपालपेट्यांच्या वरच्या फलकावर तो कागद लावला आणि पाव आणायला गेलो. पाव घेऊन परत येतो तर 'फॉर'वर लाल पेन्सिलीची रेघ!

लाल पेन्सिल खात्यात एकाच माणसाला वापरायची परवानगी होती. मोठ्या साहेबांना. ते आमच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर राहतात. पेन्शन घेतली तरी त्यांनी पेन्सिल सोडलेली नाही. ती शर्टाच्या खिशात असते, टोक वर करून.

"फॉरनंतर किंमत येते," साहेब जिन्यातूनच म्हणाले. ते जणू माझी वाटच बघत होते. "फॉर टेन, फॉर ट्वेंटी. फ्री ही काय किंमत आहे? नुसतं फ्री लिहावं."

"साहेब, हल्ली सगळे फॉर फ्री म्हणतात."

"हल्ली सगळे पायजमा घालून बँकेत जातात. तुम्ही जाता का?"

एकदा मी गेलो होतो, म्हणून फलकावरचा कागद काढला. घरी आलो, नवीन कागद घेतला, 'फॉर' गाळला, पुन्हा लावला. मनात म्हटलं, एक शब्द गेला तर गेला, कपाट तर जाईल.

दुपारी दाराची घंटा वाजली. मला वाटलं, आलं गिऱ्हाईक! धावत जाऊन दार उघडलं तर हातात माझा कागद घेऊन तपासनीस उभे. हे खात्याचे हिशेब तपासायचे. माणूस सरळ, पण कोणतीही गोष्ट सरळ आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

"तुम्ही नुसतं फ्री लिहिलंय," ते आत येऊन बसत म्हणाले. "हे फार ढिलं होतं. फ्री कशापासून? फ्री ऑफ चार्ज म्हणा. पण थांबा, फ्री ऑफ कॉस्ट मात्र म्हणू नका. चार्ज म्हणजे तुम्ही मागणार तो. कॉस्ट म्हणजे नेणाऱ्याला पडणारा. त्याला हमाल लागणार, गाडी लागणार. तेव्हा कपाट फ्री ऑफ चार्ज आहे, फ्री ऑफ कॉस्ट नाही. हा खुलासा खाली हवा. उद्या कोणी आक्षेप घेतला तर?"

"फुकटच्या कपाटावर आक्षेप कोण घेणार?"

"मी घेतलाच ना," तपासनीस म्हणाले, आणि बायकोने पुढे केलेल्या बशीतलं बिस्किट उचललं.

त्यांचं बिस्किट संपायच्या आत आवकजावक आले. हे खात्यात येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद ठेवायचे. त्यांचं खरं नाव काय हे पगारपत्रकालाच ठाऊक. आमच्यात सगळ्यांत प्रेमळ माणूस, पण क्रमांक नसलेला कागद दिसला की त्यांचा जीव कासावीस होतो. त्यांनी माझ्या सूचनेच्या कोपऱ्यात जावक क्रमांक घातला आणि मग एक शंका काढली. "कपाटाला वाळवी नाही हे लिहिलंय का? लोक तेच विचारणार. आणि तिथे फ्री ऑफ घालायचं की फ्री फ्रॉम?"

झालं! या एका शंकेवर मंगळवार गेला. साहेब खाली आले. साहेब आमच्या घरी कधी येत नाहीत. मी त्यांना पहिल्यांदाच आमच्या खुर्चीवर बसलेलं पाहिलं. ते 'फ्रॉम'च्या बाजूने. नको असलेली गोष्ट असेल तर 'फ्रॉम', असं त्यांचं म्हणणं. तपासनीस 'ऑफ'च्या बाजूने, कारण साहेब 'फ्रॉम'च्या बाजूने होते. नोकरीत जे बोलता आलं नाही ते ते आता बोलून घेत होते. मध्येच आवकजावकांनी सुचवलं की सरळ 'फ्री गिफ्ट' लिहावं. त्यावर दोघं एकदम त्यांच्यावर धावून गेले, की गिफ्ट फुकटच असते, विकतची गिफ्ट कधी पाहिली आहे का? आवकजावक म्हणाले, पाहिली आहे, माझ्या मेव्हण्याने दिली होती आणि नंतर पैसे मागितले होते. बायकोने तिसऱ्यांदा चहा टाकला.

बुधवारी जी सूचना फलकावर लागली ती अशी: 'वन वुडन कबर्ड, फ्री ऑफ चार्ज बट नॉट फ्री ऑफ कॉस्ट, फ्री फ्रॉम टर्माइट्स, इज ऑफर्ड. इंटरेस्टेड पर्सन्स मे फील फ्री टू कॉन्टॅक्ट ग्राउंड फ्लोअर.' त्यातलं 'फील फ्री' माझं होतं. तेवढं एक वाचवलं म्हणून मला बरं वाटत होतं. गुरुवारी सकाळी त्यावर लाल रेघ दिसली. समासात साहेबांच्या अक्षरात: 'सलगी टाळावी.'

या सगळ्या काळात कपाट मागायला एकही माणूस आला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बायकोच्या आलं.

"अहो, मला एक सांगा. तो फलक कुठे आहे?"

"टपालपेट्यांच्या वर."

"म्हणजे फाटकाच्या आत. म्हणजे तो वाचणार कोण? साहेब, तपासनीस, आवकजावक आणि बाकीचे आपलेच लोक. त्यांच्या सगळ्यांच्या घरी कपाटं आहेत. ताईंचं येणं तीन दिवसांवर येऊन ठेपलंय आणि तुम्ही वाळवीचं इंग्रजी ठरवताय!"

डोळ्यांपुढे आरोग्यधामाची ती घंटा दिसायला लागली, म्हणजे ऐकू यायला लागली. ताईने मला हाताला धरून शाळेत नेलं होतं. पहिल्या नोकरीचा शर्ट तिने घेऊन दिला होता. आणि तिला एक खोली रिकामी करून द्यायची म्हटली तर मी चार दिवस एका विशेषणापाशी अडून बसलो होतो. मला माझी खरोखर लाज वाटली.

त्या तिरमिरीत मी तसाच पालिकेच्या कार्यालयात गेलो. जुनं सामान घरून फुकट उचलून नेणारी त्यांची गाडी असते असं ऐकलं होतं. खिडकीतल्या बाई भल्या होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"ही सेवा पूर्ण मोफत आहे," त्या म्हणाल्या.

"वा! मग उद्या पाठवाल?"

"मोफत आहे म्हणून तर पुढच्या महिन्याअखेर. विकतची असती तर लोकांनी जाब विचारला असता. आणि वस्तू टाकाऊ आहे ना?"

"छे हो, उत्तम आहे."

"उत्तम असेल तर आम्ही नेत नाही. आम्ही फक्त टाकाऊ नेतो."

"मग थोडी टाकाऊ आहे."

"थोडी म्हणजे किती हे बघायला आमचा माणूस येईल. तोही मोफत," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी सहानुभूती होती. मी त्यांचे आभार मानून परत आलो.

शुक्रवारी सूचना फाटकाबाहेर लावली. आता मात्र माणसं यायला लागली, आणि ज्याला भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात ती अवस्था माझी झाली. देणारा मी, पण कुत्राही माझ्याच मागे. एका गृहस्थांनी कपाटाला सगळीकडून टकटक करून पाहिलं, वास घेतला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "यात कोणी गेलंबिलं होतं का?" मी म्हटलं, "नाही हो!" ते म्हणाले, "मग फुकट का देताय?" आणि वाटेला लागले. एका तरुण जोडप्याला कपाट पसंत पडलं, पण ते आम्हीच पाचव्या मजल्यावर पोचवून द्यावं अशी त्यांची अपेक्षा होती. सूचनेतला कॉस्टचा खुलासा त्यांनी वाचला नव्हता. तपासनिसांनी तो त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते निघूनच गेले. एका बाईंना फक्त आरसा हवा होता. मी म्हटलं, आरशाबरोबर कपाट न्यावं लागेल. त्या म्हणाल्या, "असं फसवून गळ्यात मारता होय!" फुकट द्यायला निघालेल्या माणसाला फसवा म्हणून घ्यावं लागतं, हे मला या वयात कळलं.

आणि संध्याकाळी पाहतो तर साहेब फाटकाबाहेर, भर रस्त्यात, लाल पेन्सिल घेऊन माझी सूचना दुरुस्त करताहेत! येणारे-जाणारे थांबून बघताहेत. लॉन्ड्रीवाला दुकानातून मान बाहेर काढून बघतोय.

"साहेब!" मी ओरडलो. "कपाट माझं आहे!"

"कपाट तुमचं आहे. भाषा सगळ्यांची आहे," साहेब शांतपणे म्हणाले आणि एक स्वल्पविराम घालून वर निघून गेले.

मला रात्री नीट जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "एका स्वल्पविरामाने काय होतंय?" तिला कळायचं नाही. तिने खात्यात काढली असती इतकी वर्षं, तर कळलं असतं.

शनिवारी सकाळी मात्र देव धावून आल्यासारखा कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला आला. त्याने सूचना वाचलेलीच नव्हती. इंग्रजीच्या वाटेला तो जात नाही. आरसेवाल्या बाई तणतणत त्याच्या दुकानात गेल्या होत्या, त्यांच्याकडून त्याला कळलं.

"कपाट द्यायचंय म्हणे, काका? मला इस्त्रीचे कपडे टांगायला हवंच होतं. काय घेणार बोला."

"काही नाही. ने तू."

"तसं नको. फुकटचं नेलं की माणूस कायमचा ओशाळा राहतो. उद्या तुमचा शर्ट जाळला तर तुम्ही बोलणार नाही आणि मला झोप लागणार नाही. महिनाभर तुमच्या घरची इस्त्री माझ्याकडे."

मी एका पायावर तयार झालो. त्याने हातगाडी आणली, दोन गडी आणले, आणि आठवडाभर सगळ्या खात्याला न हललेलं कपाट चहा निवायच्या आत घराबाहेर गेलं. मागच्या भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन उरला. बायकोने खोली झाडली, पुसली. आम्ही पलंग लावला, नवी चादर घातली, खुर्ची खिडकीशी ठेवली. वॉकर या टोकापासून त्या टोकापर्यंत मी स्वतः चालवून पाहिला. कुठे अडत नव्हता. मला तर त्या खोलीत स्वतःलाच राहावंसं वाटायला लागलं.

रविवारी ताई टॅक्सीतून आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पर्स, मागून ड्रायव्हर बॅग घेऊन. सोसायटीत बातमी असतेच, त्यामुळे साहेब, तपासनीस आणि आवकजावक स्वागताला जिन्यापाशी उभे. ताईने सगळ्यांना नमस्कार केला, आत आली, आणि खोलीच्या दारात थांबून बघत राहिली. पलंग बघितला. खिडकी बघितली. भिंतीवरचा फिकट चौकोनही बघितला. मग जाऊन खुर्चीवर टेकली, पर्स मांडीवर.

"छान आहे हं," ती म्हणाली. "स्वच्छ आहे. आरोग्यधामातली अगदी अशीच आहे."

तिने चप्पल काढली नव्हती. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, बॅग उघडायची का?" बायकोने विचारलं.

"राहू दे गं. टॅक्सी थांबवून ठेवलीय."

मी म्हटलं, "अगं, पण कमी काय आहे? तुला हवं ते सांग. पंखा इकडे घेऊ का? दिवा?"

"कमी काही नाही रे. एकच सांग, मी कपडे कुठे ठेवू?"

"बॅगेत," मी म्हटलं. "म्हणजे, बॅग पलंगाखाली मावते. मी मोजलंय."

ताई हसली. हसली, पण मला ते हसू बघवलं नाही. "बॅगेत कपडे ठेवतो तो पाहुणा असतो, बाळा. माझी काही तक्रार नाही. पाहुणी म्हणून बोलावलं असशील तर तसं सांग, मी चार दिवस आनंदाने राहीन. पण मग आरोग्यधामातली खोली सोडत नाही."

दारात तीन निवृत्त अधिकारी उभे, कोणाजवळ सुधारणा नव्हती. सगळ्या सोसायटीचं मत घेतलं होतं मी, पालिकेचं घेतलं होतं, रस्त्यावरच्या माणसांचं घेतलं होतं. ज्या बाईसाठी खोली करायची तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी तसाच पळत सुटलो.

"अहो, चप्पल!" बायको मागून ओरडली. पण मी फाटकाबाहेर पोचलो होतो.

लॉन्ड्रीवाल्याने तोवर कपाट भरून टाकलं होतं. गल्लीतल्या यच्चयावत लोकांचे शर्ट तिथे ओळीने टांगले होते, खालच्या ड्रॉवरमध्ये टॉवेल. आरशापुढे उभा राहून तो स्वतः भांग पाडत होता.

"परत दे," मी धापा टाकत म्हटलं. "कपाट परत दे. ताई चालली!"

त्याला आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्याने कंगवा खिशात ठेवला आणि जरा विचार केला. "देतो, काका. बहिणीचं काम आहे, नाही म्हणणार नाही. पण फुकट नाही देणार, नाहीतर आता तुम्ही ओशाळे व्हाल. दुकानाला पाटी लावायचीय. इंग्रजीत. कपडे घरून नेतो, घरी आणून देतो, त्याचं वेगळं काही घेत नाही, असं लिहून द्या."

"लिहून देतो! फ्री होम डिलिव्हरी. नाही, फ्री पिकअप अँड..."

"पिकअप नको," मागून आवाज आला. साहेब होते. त्यांच्या मागे तपासनीस आणि आवकजावक, तिघांनाही धाप लागलेली. "पिकअप बरं दिसत नाही. कलेक्शन म्हणावं."

"आणि पत्ता किती अंतरापर्यंत, तो खुलासा..." तपासनीस म्हणाले.

मी साहेबांकडे वळलो. अंगात कुठून बळ आलं कोणास ठाऊक. "साहेब," मी म्हटलं, "आधी कपाट. मग पाटी."

साहेबांनी खिशाकडे हात नेला. पेन्सिलीला हात लागला. मग तो हात तसाच खाली आला. "मान्य," ते म्हणाले. इतक्या वर्षांत माझा पहिलाच मसुदा एक अक्षरही न बदलता पास झाला. तो दोन वाक्यांचा होता, आणि तोंडी होता, पण झाला.

मग जे झालं ते गल्लीने दारं-खिडक्या उघडून पाहिलं. लोकांचे शर्ट दोरीवर, खुर्च्यांवर, आवकजावकांच्या खांद्यावर. गडी रविवारचे सुट्टीवर, हातगाडीची एक बाजू साहेबांनी धरलेली, दुसरी लॉन्ड्रीवाल्याने. तपासनीस पुढे चालून खड्डे दाखवताहेत. मी अनवाणी, कपाटाचं दार उघडू नये म्हणून त्याला मिठी मारून. टॅक्सीवाला बराच वेळ मीटर चालू ठेवून मजा बघत होता, पण फाटकाशी कपाट अडलं तेव्हा त्याला राहवलं नाही. उतरला आणि त्याने खांदा लावला.

खोलीत नेलं तर पुन्हा तोच प्रश्न, वॉकर कुठून जाणार? आम्ही सगळे पुरुष कपाट धरून उभे, मी टेप शोधायला निघालो. बायको म्हणाली, "टेप राहू द्या. खुर्ची बाहेर काढा, पलंग खिडकीखाली आडवा घाला, कपाट दारामागे. मावतं का नाही ते बघा." मावलं. पलंग आडवा घालायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण मी मोजलेला आराखडा पलंग उभा धरून केलेला होता आणि त्यावर कोणी खूण केली नव्हती.

ताई काठी टेकत पुढे आली. कपाटाचं एकेक दार उघडून पाहिलं. हाताने फळीवरची धूळ पाहिली, वास घेतला. "साबणाचा वास येतोय," म्हणाली. मग बायकोला तिने बॅग पलंगावर ठेवायला सांगितली आणि स्वतः उघडली. एकेक कपडा काढून द्यायला लागली आणि बायको टांगायला लागली. वरचे, खालचे, हिवाळ्यातले, लोकरीचे सगळे. हिवाळ्याला तर अजून खूप अवकाश होता. साहेबांनी डोळे पुसले की घाम पुसला ते मला दिसलं नाही. मी माझे पुसत होतो.

शेवटचा कपडा टांगून झाल्यावर ताईने कपाट लावलं.

"याची किल्ली कुठाय?"

मी किल्ली काढून दिली. तिने कुलूप लावून, ओढून पाहिलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. मग पलंगावर बसून सावकाश चप्पल काढली.

"त्या टॅक्सीवाल्याला सोड आता," ती म्हणाली. "आणि हात-पाय धुऊन ये. अनवाणी काय फिरतोस गावभर!"